डॉक्टर होणाऱ्या मुलांना नाशिकचं पाणी, बागेतलं औषध आणि चुलीचा धूर दिसतो का?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. मी नाशिक परिसरातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात कम्युनिटी मेडिसिन शिकवते. मुलं अजून या विषयाला पीएसएमच (प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन) म्हणतात. बरेच दिवस एक गोष्ट मनात घोळतेय. इथे शेतकरी आहेत, डॉक्टर आहेत, मेडिकोंचे, म्हणजे वैद्यकीय विद्यार्थ्यांचे, आईवडीलही आहेत, म्हणून इथेच मांडते.

मुलांना माहिती नाही अशी माझी तक्रार नाही. माहिती भरपूर आहे. व्हायवाला म्हणजे तोंडी परीक्षेला विचारा, नळाच्या टोकाला मोकळा क्लोरीन किती हवा? लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम, उत्तर तयार. हवेतल्या पीएम २.५ म्हणजे अतिसूक्ष्म कणांचं आपल्या देशातलं वार्षिक मानक घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅम आणि जागतिक आरोग्य संघटनेचं २०२१ पासून ५, हेही पाठ. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम, कुठल्या पिशवीत काय, सगळं तोंडावर. ५ जूनला पोस्टर स्पर्धा होते, पोस्टरंही छान असतात.

आता त्याच मुलांनी वॉर्डात घेतलेली हिस्टरी, म्हणजे रुग्णाला विचारून लिहिलेली माहिती, वाचा. नाव, वय, पत्ता, आणि 'व्यवसाय : शेती'. नाहीतर 'गृहिणी'. नाहीतर 'मजुरी'. पुढे काही नाही. शेती कसली, द्राक्षाची की भाताची? औषध कोण मारतं? गृहिणी आहेत तर स्वयंपाक गॅसवर की चुलीवर? मजुरी कुठे, मालेगावच्या लूमवर (यंत्रमागावर), सातपूरच्या कारखान्यात की सिन्नरला विड्या वळायला? खोकला तीन महिन्यांचा आहे हे लिहिलेलं असतं, घरात धूर किती वर्षांचा आहे हे नसतं.

इटलीतल्या रामाझिनी नावाच्या वैद्याने १७०० साली लिहून ठेवलंय की रोग्याला बाकीचं विचारता तसं 'काम काय करतोस' हेही विचारा. आमच्या केसपेपरवर त्यासाठी रकाना आहे, पण तो एका शब्दात उरकला जातो.

मेडिकोंच्या पर्यावरण-जागरूकतेवर प्रश्नावल्या बऱ्याच ठिकाणी फिरतात. ओझोनचा थर कशाने विरतो, हवामान बदलाचा आरोग्यावर परिणाम होतो का, होय किंवा नाही. मुलं हुशार आहेत, बरोबर खूण करतात आणि निष्कर्ष निघतो की जागरूकता चांगली आहे. माझं म्हणणं असं की जागरूकता मोजायची तर प्रश्नावली नको, मुलांनी लिहिलेले केसपेपर काढा. रुग्णाचं पाणी, धूर, काम आणि घर त्यात किती ठिकाणी आलंय ते बघा. खरं उत्तर तिथे मिळेल.

तुम्हाला काय वाटतं? तुमच्या भागातल्या कुठल्या गोष्टी डॉक्टरला ठाऊक असायला हव्यात असं वाटतं?

थर्ड_इयर_मेडिको

मॅडम, मी दुसऱ्या कॉलेजची आहे, पण आमच्याकडेही अगदी हेच आहे. थोडी आमची बाजू सांगते.

आम्हाला हिस्टरी शिकवतात तेव्हा मार्क असतात निदानाला. 'मजुरी'च्या पुढे मी चार ओळी लिहिल्या तर राउंडला त्या कोणी वाचत नाही. उलट रेसिडेंट म्हणतात, मुद्द्यावर ये. नीट पीजीत, म्हणजे पदव्युत्तर प्रवेश परीक्षेत, पीएसएमचे प्रश्न भरपूर येतात, पण ते आकड्यांचे, कार्यक्रमांच्या सालांचे आणि जैवसांख्यिकीचे. त्यामुळे आम्ही विषय वाचतो तो तसाच.

पण कुटुंब दत्तक कार्यक्रमात मला जे दिसलं ते सांगायलाच हवं. २०१९ चा नवा अभ्यासक्रम आला आणि मग काही वर्षांत हा कार्यक्रम जोडला गेला, पहिल्या वर्षापासून आम्हाला गावातली काही कुटुंबं दिली जातात. माझ्याकडच्या एका घरात आजी आणि सून. फॉर्मवर 'पिण्याच्या पाण्याचा स्रोत' याच्यापुढे चौकोन होते : नळ, विहीर, बोअर, टँकर. आजी म्हणाल्या नळ आहे. मी नळावर खूण केली. मग सून मला पाणी द्यायला उठली आणि तिने मोरीजवळच्या निळ्या ड्रमवरचं पत्र्याचं झाकण सरकवलं. पाणी स्वच्छ दिसत होतं. जरा वाकून पाहिलं तर वरच्या थरात बारीक अळ्या वळवळत होत्या, ड्रमला धक्का लागला की सगळ्या एकदम खाली जायच्या. विचारलं तेव्हा कळलं की नळाला पाणी चार दिवसांनी येतं, तेही नक्की नाही.

आम्हाला शिकवलेलं वाक्य आहे, 'आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, भांडी रिकामी करून घासा.' डेंग्यू पसरवणाऱ्या एडीस डासाचं अंड्यापासून डासापर्यंत आठ-दहा दिवसांत होतं, म्हणून आठवडा. शास्त्र बरोबर आहे. पण ज्या बाईला पुढचं पाणी कधी येणार हे माहीत नाही तिला भरलेला ड्रम ओता म्हणून सांगायचं कसं? शेवटी आम्ही ते पाणी दुसऱ्या भांड्यात गाळून घेतलं, ड्रम आतून घासला आणि तोंडाला जुन्या धोतराचं कापड दोरीने घट्ट बांधलं. पत्र्याच्या झाकणाला फट राहते, कापडाला राहत नाही. हे मला कुठल्याही लेक्चरमध्ये मिळालं नव्हतं. आणि फॉर्मवर मात्र अजूनही 'नळ' एवढीच खूण आहे, कारण पाणी कधी येतं हे लिहायला तिथे जागाच नाही.

निफाडचा_बागवाला

गोदाकाठ मॅडम, धागा काढलात, फार बरं केलंत. आमच्या इकडचं सांगतो. लांबेल, पण वाचा.

द्राक्षबागेत औषध मारणं हे रोजचं काम आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी, भुरी हे रोग, थ्रिप्स ही कीड, एक ना दोन. पाऊस पडला की रात्री बाराला पण ट्रॅक्टर काढावा लागतो. आता ब्लोअर आलेत, पण कोपऱ्यातल्या वेली, लहान बागा अजून नळीने, गनने मारतात. मारणारा माणूस सगळा भिजतो. कपडे घरी जातात आणि बायको ते मुलांच्या कपड्यांबरोबर धुते. त्या बाईला त्रास झाला तर ती डॉक्टरला सांगेल का की मी औषध मारलं? तिने तर मारलेलंच नाही.

डब्यावर रंगीत खूण असते, लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळी, निळी, हिरवी. पेशंट नेला की आधी डबा नाहीतर बाटली बरोबर घ्यायची हे आम्ही आता शिकलोय. पण दवाखान्यात तरुण डॉक्टरांनी आपणहून 'डबा आणलाय का' असं विचारल्याचं मी फार थोड्या वेळा पाहिलंय. यवतमाळला २०१७ साली फवारणीने वीसच्या वर माणसं गेली, तेव्हा सगळीकडे चर्चा झाली. मग परत शांत.

आणि एक खास आमच्या भागातली गोष्ट. छाटणी झाली की काडीचे डोळे (कोंब) एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड या रसायनाची पेस्ट लावतात. हे काम मजूर करतात, बरेच जण पेठ-सुरगाण्याकडून हंगामाला आलेले असतात. फडक्याने, स्पंजने प्रत्येक डोळ्याला लावायचं. हातमोजे देतो, पण ऊन तापलं की काढून ठेवतात, बोटांना सुचत नाही म्हणतात. दिवसभर हे काम केलं आणि संध्याकाळी थोडी जरी घेतली, तरी माणसाचं तोंड लालभडक होतं, छाती धडधडते, डोकं ठणकतं, उलट्या, कोणाला भोवळ. आम्ही मजुरांना आधीच बजावून सांगतो, पेस्टच्या दिवसांत आणि पुढचे काही दिवस अजिबात प्यायची नाही. पण ऐकतात सगळेच असं नाही. असा माणूस दवाखान्यात गेला की दारूचा वास येतो आणि कागदावर 'जास्त प्यायला' असं लिहून सलाईन लागतं.

गोदाकाठ

दादा, तुम्ही लिहिलंत ते प्रत्येक इंटर्नने वाचायला हवं. मुलांसाठी याच्यामागचं शास्त्र लिहिते.

दारू पोटात गेली की शरीर तिचं आधी ॲसिटाल्डिहाइड करतं आणि मग एक एन्झाइम त्याचं निरुपद्रवी ॲसिटेट करतं. सायनामाइड नेमकं तेच एन्झाइम अडवतं. मग ॲसिटाल्डिहाइड रक्तात साठतं, चेहरा लाल होतो, नाडी पळते, रक्तदाब उतरतो. दारू सोडवायला डायसल्फिराम नावाचं औषध देतात त्याचं तत्त्व हेच. डायसल्फिराम फार्माकॉलॉजीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला येतं. तो रुग्ण सकाळपासून बागेत काय करत होता, एवढं कळलं तर दुवा एका क्षणात जुळतो. आणि दारू थोडी घेतली असूनही त्रास एवढा का, याचंही उत्तर मिळतं.

इथे एक मात्र पक्कं लक्षात ठेवा, मुलांनो. बागेतून आलेला प्रत्येक रुग्ण ऑर्गेनोफॉस्फेट कीटकनाशकाच्या विषबाधेचा नसतो. ऑर्गेनोफॉस्फेटमध्ये डोळ्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ गळते, घाम सुटतो, नाडी मंदावू शकते, आणि तिथे ॲट्रोपिन हे उताऱ्याचं औषध जीव वाचवतं. सायनामाइड आणि दारूचं चित्र वेगळं आहे. म्हणून डबा विचारायचा. अंदाजावर उपचार सुरू करून थांबायचं नाही.

घरी कपडे धुणाऱ्या बाईचा मुद्दा तर मी लेक्चरमध्येच घेणार आहे.

सिडकोतला_फॅमिली_डॉक्टर

मॅडम, तुमच्या तळमळीबद्दल आदर आहे, पण दुसरी बाजूही मांडू द्या. मी पंचवीसहून जास्त वर्षं प्रॅक्टिस करतोय. सिडकोत पावसाळ्यात संध्याकाळच्या ओपीडीला दारापर्यंत रांग असते. तापाचा पेशंट समोर आहे, प्लेटलेट उतरतायत, अशा वेळी मी त्याला ड्रम, टायर, कुलर विचारत बसू? ते काम महापालिकेच्या मलेरिया विभागाचं आहे. पाणी शुद्ध ठेवणं पाणीपुरवठ्याचं. हवा बघणं प्रदूषण नियंत्रण मंडळाचं. प्रत्येक जण आपलं काम करेल तर डॉक्टरने निदान आणि उपचार नीट केले तरी पुष्कळ झालं. विद्यार्थ्यांवर आधीच ओझं आहे, त्यात समाज सुधारण्याचं ओझं टाकून त्यांचं क्लिनिकल शिक्षण पातळ होऊ नये, एवढीच काळजी.

थर्ड_इयर_मेडिको

सर, ड्रम विचारायला अर्धं मिनिट लागतं. आणि त्याच घरात आणखी कोणाला ताप आहे का, हे त्याच अर्ध्या मिनिटात कळतं. ते क्लिनिकलच झालं ना?

पेठची_आशा

मी आशा आहे, पेठ तालुक्यात. डॉक्टर सरांना रागावून नाही लिहीत, पण आमच्याकडे 'ज्याचं त्याचं काम' असं चालत नाही. उन्हाळ्यात विहीर आटते. खाली झऱ्यावर बाया रांगेने बसतात, वाटीने पाणी भरतात. त्यात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकायची कुठे? पावसाळ्यात विहीर भरते, जलसुरक्षक टीसीएल टाकतो, मग पाण्याला वास येतो म्हणून लोक परत ओढ्याकडे जातात. मग जुलाब. ग्रामपंचायतीला लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतं पाण्यावरून, लाल म्हणजे सगळ्यात धोक्याचं. लाल कार्ड म्हणजे काय हे शिकाऊ डॉक्टरांना मी विचारलं तर बहुतेकांना माहीत नव्हतं. त्यांचा दोष नाही, त्यांना कोणी दाखवलंच नाही.

गाडीतून येतात, शिबिर होतं, फोटो होतो, जातात. पण एक मुलगी आली होती ती वेगळी. तिने शाळेच्या टाकीचं पाणी नळीत घेतलं, क्लोरीन तपासायचे थेंब टाकले. पाणी पिवळं झालं म्हणजे क्लोरीन आहे. मग वस्तीवरच्या घरात जाऊन हंड्यातलं पाणी घेतलं, थेंब टाकले, पाणी तसंच पांढरं. बाया सगळ्या जमल्या होत्या. एक म्हणाली, म्हणजे टाकीतून इथपर्यंत येता येता औषध मरतं का? त्या मुलीने नीट समजावलं की पाणी जितकं गढूळ, भांडं जितकं मळकं, तितका क्लोरीन त्याच्यातच खर्च होतो. त्या दिवशी मी सहा महिने बोलून जे झालं नव्हतं ते झालं, बाया हंडे आतून घासायला लागल्या.

चुलीचं पण लिहा मॅडम. गॅस घरोघरी आलाय २०१६ पासून, पण सिलिंडर भरायला पैसे नसतात, आणि फाटी जंगलातून फुकट मिळतात. गॅस आहे का विचारलं तर सगळे हो म्हणतात. आज सकाळी भाकरी कशावर भाजली, असं विचारा.

गोदाकाठ

ताई, तुमचं शेवटचं वाक्य आमच्या प्रश्नावलीत जसंच्या तसं घेते. 'गॅस आहे का' हा प्रश्न आजपासून बंद.

गंगेवरचा

मी पंचवटीत राहतो, गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, रोजचं जाणं. डॉक्टर नाही. पण सिंहस्थ कुंभमेळा २०२७ तोंडावर आलाय आणि लाखो लोक रामकुंडात डुबकी मारणार. आंघोळीच्या पाण्याचं मानक असं आहे की बीओडी, म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण कुजायला लागणारा ऑक्सिजन, लिटरमागे ३ मिलिग्रॅम किंवा कमी, आणि विष्ठेतले कॉलिफॉर्म जंतू १०० मिलिलिटरमध्ये ५०० पर्यंत असावेत, २५०० च्या वर कुठल्याही परिस्थितीत नकोत. नासर्डी आणि वाघाडी गोदावरीला मिळतात तिथे उभं राहून बघा, नाकालाच कळतं. उन्हाळ्यात पाणवेली पात्र झाकून टाकतात. पाणवेली म्हणजे सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद खाऊन माजलेली वनस्पती. त्या काढून टाकल्या की नदी साफ झाली असं नाही, खत येतच राहतं.

माझी सूचना : मेडिकल कॉलेजच्या मुलांनी स्वतः नमुने घ्यावेत. सोमेश्वर, रामकुंड, तपोवन, दसक. वरून खाली.

गोदाकाठ

छान सूचना. आणि महागड्या प्रयोगशाळेची गरज नाही. एच-टू-एस पट्टीची बाटली मिळते, १९८२ साली ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतल्या लोकांनी ती पद्धत मांडली. बाटलीत पाणी भरायचं, खोलीच्या तापमानाला ठेवायची. पाण्यात विष्ठेतले जंतू असतील तर दिवस-दोन दिवसांत आतलं पाणी काळं होतं. आकडा मिळत नाही, फक्त आहे की नाही एवढं कळतं. नदीसाठी खरं तर कॉलिफॉर्मची मोजणीच हवी. पण पिण्याच्या पाण्यासाठी, विहिरीसाठी, हॉस्टेलच्या कुलरसाठी ही बाटली उत्तम. मुलांनी पहिली बाटली हॉस्टेलच्या कुलरचीच भरावी असं मी म्हणेन.

सिडकोतल्या डॉक्टरसाहेबांना उत्तर द्यायचं राहिलं. सर, रांगेचं खरं आहे. पण तुमच्या दवाखान्यात एका आठवड्यात एकाच चाळीतले चार ताप आले, तर ते महापालिकेच्या आधी तुम्हाला कळतं. रोग सर्वेक्षणाची व्यवस्था देशात २००४ पासून आहे, त्यातला पी फॉर्म डॉक्टरनेच भरायचा असतो. तो फॉर्म का भरायचा हे विद्यार्थीदशेतच उमगलं तर पुढे तो ओझं वाटत नाही. मलेरिया विभागाला घर कुठलं हे कोणीतरी सांगितल्याशिवाय त्यांची माणसं पोचणार कुठे?

वॉर्ड_सिस्टर

बाहेरच्या पर्यावरणाबद्दल सगळे लिहितायत, मी वॉर्डातलं लिहिते.

कचऱ्याचे चार डबे. पिवळ्यात रक्ताळलेला कापूस, ड्रेसिंग, बाळंतपणातली वार, मुदत संपलेली औषधं. लालमध्ये नळ्या, कॅथेटर, हातमोजे, सुई काढलेली सिरिंज. पांढऱ्या टोचणार नाही अशा डब्यात सुया, ब्लेड. निळ्यात काच. पिवळं जाळलं जातं, लाल निर्जंतुक करून तुकडे करून पुनर्वापराला जातं. प्लॅस्टिक पिवळ्यात गेलं की ते जळतं, आणि क्लोरीनवालं प्लॅस्टिक जळलं की डायॉक्सिनसारखे विषारी वायू निघतात. मुलांना हे सगळं येतं. पण रक्त काढताना ट्रे बेडवर, रंगीत डबे वॉर्डाच्या दाराशी. सीनियर जे करतात तेच मुलं करतात. कापसात गुंडाळून सुई लाल पिशवीत.

सकाळी ती पिशवी उचलणाऱ्या मावशी आहेत. पिशवी मांडीला लावून चालतात, जड असते म्हणून. सुई कुठे टोचते तर मांडीला. नियमात लिहिलंय की कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यायची. विद्यार्थ्यांनी एकदा आपल्या वॉर्डातल्या मावशींना विचारावं, तुमचे तीन डोस झाले का? माझी मॅडमना विनंती, डबे पाठ करून घेण्यापेक्षा प्रत्येक बॅचला एक सकाळ मावशींबरोबर फिरवा, पिशवी वजनाला लागते तिथपर्यंत.

मोसमकाठ

मालेगावहून. थोडक्यात. लूमवर काम करणारा माणूस तुमच्याशी ओरडून बोलतो, कारण त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. बऱ्याचदा त्याला उद्धट समजतात. खोकला, दमा घेऊन येतो तेव्हा सुताच्या धुळीचं विचारा. ऐकू कमी येतं हे तो स्वतःहून सांगणार नाही, कारण सगळ्या मोहल्ल्यालाच कमी ऐकू येतं, त्याला तो आजार वाटत नाही. कानाची तपासणी त्याने मागितली नाही तरी करा.

आणि २०२२ ला इथे गोवराची साथ आली तेव्हा दिसलं की दाट वस्ती, एका खोलीत आठ माणसं आणि चुकलेली लस, हे तिन्ही एकत्रच येतं. डॉक्टरने घर किती मोठं आहे हे विचारणं म्हणजे भोचकपणा नाही.

सिडकोतला_फॅमिली_डॉक्टर

सगळं वाचलं. मावशींचा आणि सायनामाइडचा मुद्दा मला पटला, तो माझ्याही उपयोगाचा आहे. ओझ्याबद्दलचं माझं मत मात्र कायम आहे. नवा विषय, नवी जर्नल, नवं लॉगबुक असं काही आणू नका. आहे त्या हिस्टरीत बसवता आलं तरच टिकेल. आणि मेडिसिन, पेडियाट्रिक्सवाले परीक्षक ते विचारत नसतील तर पीएसएमने कितीही जीव ओतला तरी मुलं करणार नाहीत, हे स्वानुभवाने सांगतो.

गोदाकाठ

सर, परीक्षकांचा मुद्दा शंभर टक्के मान्य. म्हणून मी मेडिसिनच्या सहकाऱ्यांशी बोलणं सुरू केलंय. नवं लॉगबुक नको हेही मान्य.

माझ्या मनात सध्या एवढंच आहे. 'व्यवसाय' रकान्यात एक शब्द चालणार नाही, तिथे काल दिवसभर काय केलं ते लिहायचं. पाणी किती दिवसांनी येतं आणि कशात साठवतात. आज सकाळची भाकरी कशावर झाली. घरात आणखी कोण आजारी आहे. हे बेडसाइड क्लिनिकला विचारलं जाईल, पीएसएमच्या तासाला नाही. टर्म संपली की त्या बॅचचे केसपेपर काढून किती जणांनी लिहिलं ते मोजू. नाशिक २०१९ पासून राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या यादीत आहे, त्यामुळे दम्याच्या रुग्णाला कुठल्या रस्त्यावर राहता, भट्टी जवळ आहे का, हे पाचवं घालावं का याचा विचार चालू आहे. सुचवा.

निफाडच्या दादांना एक विचारायचं होतं. छाटणीच्या हंगामात इंटर्नची एक छोटी तुकडी तुमच्या बागेत आणली तर चालेल का? पेस्टचं काम चालू असताना.

निफाडचा_बागवाला

चालेल म्हणजे काय, आणाच. ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात छाटणी, पेस्ट लगेच एक-दोन दिवसांत. नेमका दिवस पावसावर ठरतो, मी आदल्या रात्री मेसेज टाकतो. सकाळी सातला पोचायला सांगा, नऊनंतर मजूर बोलायला थांबत नाहीत. मुलांनी पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बूट घालून यावं, पेस्टला हात लावू नये. आणि मजुरांशी बोलताना सुरुवातीलाच दारूचं विचारू नका, गप्प होतील. आधी गाव कोणतं, कधी आलात, पोरं कुठे ठेवली ते विचारा. चहा आमच्याकडे.

थर्ड_इयर_मेडिको

दादा, दुसऱ्या कॉलेजच्या मुलांना पण येता येईल का? आम्ही सहा जणी आहोत.

निफाडचा_बागवाला

या की ताई. पिंपळगावपर्यंत एसटीने या, तिथून मी गाडी पाठवतो.